मामाची बोट येईपर्यंत

११ जुलै १९३१
श्रीधरच्या हातातली मनगटी आज न्हाताना घसरून घंगाळात पडली. बारशाला घातली तेव्हा नीट बसत होती. पोर वाढतं आहे की आटतं आहे?
माझा हिवताप उतरला, पण दूध पहिल्यासारखं नाही. पितो, सोडतो, रडतो, परत तोंड लावतो. सासूबाईंना भीत भीत विचारलं, थोडी पेज द्यावी का. तांदूळ निवडताना मान वर न करताच म्हणाल्या, "उष्टावण झाल्याशिवाय पोराच्या तोंडात शीत जायचं नाही."
उष्टावण करायचं मामाने. मामा एकच, माझा दादा, तो मुंबईला. पावसाळा म्हणून बोटी बंद. सहाव्या महिन्यात मी अंथरुणाला खिळलेली, मग अधिक महिना लागला. मुलग्याचं सातव्यात करीत नाहीत. राहता राहिला आठवा, तोही बोटी सुरू झाल्या तर. त्याच्या पोटाला हे पंचांग कोणी समजवायचं?

१५ जुलै
दादाचं पत्र. कोल्हापूरवरून मोटारीने येणार होता, पण घाटात दरड आली आहे. 'पहिल्या बोटीने येतो, भाच्याला सांग.' सांगितलं. भाच्याने पत्राचा कोपरा चोखला.
मला अळिवाची खीर, डिंक, शतावरी, सगळं चालू. सासूबाई वाटी संपेपर्यंत समोरून हलत नाहीत. दूध थोडं वाढलंय असं वाटतं. मी मात्र पुष्कळच वाढले आहे.

२१ जुलै
जेवताना मांडीवर होता. माझा हात ताटातून तोंडाकडे जाई तसे त्याचे डोळे जात. ओठही हलवत होता. शेवटी त्याला खाली निजवलं आणि पाठ करून जेवले. स्वतःच्या लेकराला पाठ दाखवून जेवणारी आई मी पहिलीच असेन.
इकडची स्वारी कचेरीतून आल्यावर सांगितलं. उत्तर मिळालं, द्यावी थोडी पेज, कोण बघतंय. आईंसमोर मात्र पागोटं खुंटीला अडकवून थेट विहिरीवर पाय धुवायला जाणं झालं. चालायचंच.

२८ जुलै
आजपासून सासूबाई दुपारच्या देवळात जाऊ लागल्या. तिथे चातुर्मासाची पोथी लागली आहे.
दिली. पेज फडक्यातून दोनदा गाळली, मिठाचा कण, तुपाचा थेंब. बोट बुडवून चाटवलं. आधी तोंड असं केलं, जणू मी त्याला कारलं दिलं. मग माझं बोटच धरून ठेवलं. सोडीना.
नुसतं पाणी होतं. शीत एकही नव्हतं, मी पाहिलं आहे. वाटी लगेच घासून जागच्या जागी.

२ ऑगस्ट
रोज दुपारी पेज. पोट बरं आहे. दुपारी निजतो, उठून हसतो. मनगटी आता घसरत नाही, वर सरकवावी लागते. जीव भांड्यात पडला. सासूबाईही म्हणाल्या, पोर सुधारलं. अळिवाला श्रेय दिलं.

७ ऑगस्ट
काहीतरी चुकतंय. सकाळी अंगावर घेतलं तर दोन घोट पिऊन तोंड फिरवलं. संध्याकाळीही तेच. आडवं घेऊन पाहिलं, उभं घेऊन पाहिलं. माझ्याकडे बघून हसतो आणि पीत नाही. हसू नको रे बाबा, पी.
छाती दाटून आली आहे, दुखते. पेजेची गोडी लागली आणि मी नकोशी झाले. ही माझीच करणी. याने प्यायचं सोडलं आणि दूध आटलं, तर गाळलेल्या पेजेवर लेकरू कसं जगवू? आजपासून पेज बंद.

१० ऑगस्ट
पेज बंद करूनही तेच. उपाशी मूल रडेल की नाही? हा रडतही नाही. पोट तपासलं तर टम्म. हवेवर जगतो काय?
दूध पिळून टाकावं लागलं. मोरीत सांडताना रडू आलं. कोणाला सांगू? सांगितलं तर पेजेपासून सांगावं लागेल.

११ ऑगस्ट
झबल्याच्या गळ्याशी तपकिरी डाग. घाबरले, रक्त वाटलं. पाणी लावलं तर विरघळला. वास घेतला. नाचणी, आणि गूळ. मी नाचणी आणली नाही, शिजवली नाही.

१३ ऑगस्ट, दिव्यांची आवस
हसून हसून पोट दुखतंय, म्हणून आधी लिहून टाकते.
सकाळी विहिरीवर समया घासत होते. चिंच संपली म्हणून आत आले. माजघरात सासूबाई पाय पसरून बसलेल्या, पायांवर श्रीधर, हातात दूध पाजायचं चांदीचं बोंडलं. तो मिटक्या मारत होता. मी दारात उभी. त्यांनी बोंडलं पदराखाली घेतलं, मग पुन्हा बाहेर काढलं.
"सत्त्व आहे गो नाचणीचं," म्हणाल्या. "आठवडाभर देतेय. गाळलेलं. शीत नाही हो त्यात."
माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या पेजेतही नव्हतं."
"ठाऊक आहे. देवळातून आले की त्याच्या तोंडाला तुपाचा वास यायचा. मग दोन दिवस येईना, म्हटलं हिने भिऊन सोडलं. म्हणून मीच दोन बोंडली जास्त घातली."
म्हणजे मी विहिरीवर गेले की त्यांचं सत्त्व, त्या देवळात गेल्या की माझी पेज. मी थांबले तर त्यांनी भर घातली. पोर पिणार कुठे, जागा कुठे होती?
आणि एवढी बंदी घातली होती ती? तर म्हणाल्या, घरातल्या सगळ्या मुलांना असंच दिलं. इकडच्या उष्टावणाला मामा कराचीहून यायचा होता. "त्याची वाट बघत बसले असते तर तुला नवरा मिळता ना."
मला का नाही सांगितलं, हे विचारायचं राहिलं. त्यांनीही मला विचारलं नाही. आता ठरलं, आधी अंगावर, मग वाटी. आणि वाटी एकीनेच द्यायची.

१६ ऑगस्ट
प्यायला. आज सकाळी पोटभर, डोळे मिटून, एक हात माझ्या मंगळसूत्रात अडकवून. छाती हलकी झाली, आणि मनावरचं ओझंही उतरलं. देवापाशी साखर ठेवली. सासूबाईंनी कशाबद्दल ते विचारलं नाही, एक चिमूट स्वतःही ठेवली.

२८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
मांडवी बंदरावर समुद्राला नारळ दिले. इकडून बातमी आली की बोटी चार-सहा दिवसांत सुरू होतील. आठवा महिना संपतच आला आहे. सासूबाई रोज पंचांग बघतात आणि रोज सत्त्व शिजवतात.

३ सप्टेंबर
दादा आला. बोट लागून पार हिरवा पडलेला. किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून उतरताना एक वहाण समुद्राला देऊन आला.

४ सप्टेंबर
उष्टावण झालं. आळीतल्या बायका जमल्या. दादाने मांडीवर घेतलं, सोन्याच्या अंगठीला खीर लावली. अंगठी अजून वाटीवरच होती तर याने आ केला. पहिला घास गेला, दुसरा गेला, मग दादाचं मनगट धरून वाटीकडेच ओढलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, पहिल्याच घासाला एवढं कसं कळतं याला?
"मामाच्या हाताचा गुण," सासूबाई म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. इकडे मोठा खोकला आला. मी पदर तोंडात धरून स्वयंपाकघरात.
दादा बिचारा खूश. मनगट्या नव्या आणल्यात त्याने, मोठ्या मापाच्या.

११ सप्टेंबर
दादा आजच्या बोटीने गेला.
खालचा दात दिसतो आहे. काल पिताना चावला, मी ओरडले, तो हसला. सासूबाई म्हणतात, दसऱ्यापासून अंगावरचं हळूहळू कमी कर. मी 'बघू' म्हटलं. यापूर्वी त्यांना 'बघू' म्हटल्याचं आठवत नाही.
ठरल्याप्रमाणे आज आधी अंगावर घेतलं, तर वाटीकडे झेपावला. दिली वाटी. मऊ भात, तूप, मीठ, आता शितांसकट. संपेपर्यंत बसून राहिले. संपल्यावर आपण होऊन माझ्याकडे वळला आणि तसाच, तोंडाला भात असलेला, पदराखाली शिरला. किती दिवस येईल असा, कोण जाणे. माझ्या चोळीला शितं चिकटली आहेत. अजून झटकली नाहीत.