निळ्या टोपणाची नळी

बारामती,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

आबा,

पाया पडते. टाके कोरडे आहेत ना? आई म्हणाली, काठी न घेताच उसाच्या कडेनं फेरी मारून आलात. मारा, पण पाणी धरायला वाकलात तर शेळगावला येऊन भांडेन. भाकरी जातेय हे ऐकून मी आमच्या हॉस्पिटलच्या अख्ख्या लॅबला पेढे वाटले.

विजयसिंहकाकांनी फ्लेक्सचा फोटो पाठवला. अगं बाई, केवढा तो फ्लेक्स! 'हॉस्पिटलची चूक पकडून वडिलांचे प्राण वाचवणारी शेळगावची कन्या, राजलक्ष्मी.' रविवारी सत्कार, शाल-नारळ, आणि तुम्ही म्हणे माईकवर बोलणार. आबा, जन्मात कधी तोंडावर शाबास म्हणाला नाहीत. मी तो फोटो दहा वेळा पाहिला. खोटं कशाला बोलू, मिरवावंसं वाटलं.

फोनवर सांगायला गेले तर तुम्ही "बरं बरं" करून आईकडं द्याल, म्हणून पत्र लिहितेय.

तुम्ही गावभर सांगताय ना, "नर्सनं रगत चुकीचं काढलं, माझ्या पोरीनं धरलं", ते वरकुट्याला श्रेयाच्या घरी पोचलंय. तुमच्या वॉर्डातली नर्स तीच. काल माझ्यासमोर रडली बिचारी. तिनं तुमचं रक्त काढलंच नव्हतं.

मी काढलं होतं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तुम्ही गुंगीत असताना. गाठीसकट लिव्हरचा तुकडा काढलेला, आता आत रक्तस्राव होईल का याचा अंदाज घ्यायला रक्त किती वेळात गोठतं ते तपासायचं होतं. निळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं औषध आधीच असतं. रक्त खुणेपर्यंत भरलं नाही तर औषध जास्त होतं आणि रक्त गोठतच नाही असा खोटा रिपोर्ट येतो. नळी अर्धी भरली तोच आईनं माझा हात धरला. "पुरं की गं! आधीच अंगात रगत न्हाय त्यांच्या, किती वढतीस?" दुसऱ्या कुणाची आई असती तर मी ऐकलं नसतं. पण तुमचा हात असा गार पडला होता! मी सुई काढली. नव्या पोरींना रोज खुणेचं शिकवणारी मी! आईला बोल लावू नका, सुई माझ्या हातात होती.

रिपोर्ट भलताच आला. तुमचं ऑपरेशन करणारे निहार सर म्हणाले, "रक्त गोठत नाहीये. प्लाझ्मा मागवा, थिएटर तयार ठेवा." तुमच्या अशक्त हृदयाला प्लाझ्माच्या तेवढ्या पिशव्या झेपल्या नसत्या, पोट पुन्हा उघडणं तर सोडाच. मला मात्र ती अर्धी नळी दिसत होती. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, चूक माझी आहे. नळी अर्धीच भरली होती. अर्धा तास द्या."

पळत आले, आईला दाराबाहेर काढलं आणि खुणेपर्यंत रक्त घेतलं. गोठायच्या वेळेचा आकडा लिव्हर कापल्यावर नेहमी वाढतो तेवढाच वाढलेला! सरांनी पोटाला लावलेली पिशवी पाहिली, तीत फारसं रक्त आलं नव्हतं, नाडी पाहिली आणि प्लाझ्मा रद्द केला. जिंकलो आबा, जिंकलो! मी मशीनपुढं उड्या मारल्या. सरांनी आधी चांगलं झाडलं, मग पाठ थोपटली.

रविवारी येतेय. शाल घेणार, नारळ घेणार आणि माईकही घेणार. घडलं तसं सगळं सांगणार. श्रेयाला सोबत आणतेय, पहिला नारळ तिला द्यायचा, तोही तुमच्या हातानं. काकांना म्हणावं, फ्लेक्स उतरवू नका. एवढा झकास फोटो परत येणार नाही. फक्त 'हॉस्पिटलची' खोडून तिथं 'स्वतःची' चिकटवा.

ते वाचून मग वाटलंच, तर शाबास म्हणा.

चूक करणारी आणि धरणारीही,
तुमचीच
राजलक्ष्मी