पूनमची चोरओटी
आष्टा, मंगळवार

बायांनो, आपल्या पोटाचा निर्णय आपल्याला वगळूनच होतो ना? सभेत मी असं गरजले. सभेनंतर पूनमच्या काकूने मला घरी नेलं.

बलात्कारातून दिवस गेलेल्या पूनमची चोरओटी चालली होती, तिसऱ्या महिन्यात गुपचूप भरतात ती. पूनमने पदर धरलाच नाही. तांदूळ फरशीवर सांडत होते, बाया मुकाट गोळा करून पुन्हा ओतत होत्या. पुन्हा सांडत होते.

"आवं ताई, लेकराचा काय गुन्हा?" काकू म्हणाली.

"आणि हिचा?"

"ती कुठं न्हाई म्हणती?"

खरंच, तिची पापणीही लवत नव्हती. पदर तसाच सुटलेला. हा होकार?

बायांनो, उद्या तिला एकटीला विचारा, आणि ती बोलेपर्यंत गप्प बसा.