रोझानाचा दाखला

लोवेल, मॅसॅच्युसेट्स
३ नोव्हेंबर १९०७

प्रिय ऑरेलीताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. देवाच्या कृपेने आम्ही हिंडतोफिरतो आहोत. नदीला पाणी भरपूर, त्यामुळे गिरणी पूर्ण वेळ चालू आहे. काल मृतांचा दिवस होता, पण इथे त्याची सुट्टी नसते. सुटल्यावर तसाच चर्चमध्ये गेलो. आज रविवार म्हणून लिहायला बसलो.

तुझं पार्सल पोचलं. मेपलचा पाक वाटेत थोडा सांडला. मोजेही मिळाले, निळे, लाल काठाचे. देलिमाचा पाय वाढला असेल म्हणून दोन बोटं जास्त विणलेत, असं तू लिहिलंस. ती स्वतः का लिहीत नाही, असंही विचारलंस.

आधी दुसरं सांगतो. चार वर्षांपूर्वी मी गावच्या चर्चमधून रोझानाच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागवला होता. गेलेल्या लेकीची आठवण म्हणून जवळ ठेवायचाय, असं लिहिलं होतं. तू दाखल्यासोबत तिच्या कबरीवरचं वाळलेलं फूल पाठवलंस.

ताई, ते खोटं होतं. गिरणीत चौदा वर्षं पुरी झाल्याचा कागद लागतो. धाकटी देलिमा तेव्हा अकराची होती. रोझाना लहानपणीच गेली नसती तर चौदाची असती. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत हेच चालतं, थोरल्याच्या कागदावर धाकटं कामाला लागतं. फक्त त्यांची थोरली जिवंत असतात.

गिरणीत देलिमा रोझाना झाली. हाक मारली तरी वळायची नाही. शेजारच्या यंत्रावरच्या पोरी म्हणायच्या, "अगं बहिरे, तुझंच नाव ना?" मग मी घरातही तीच हाक सुरू केली, तिची सवय पक्की व्हावी म्हणून. तिच्या आईने, फिलोमेनने, मात्र ते नाव कधी तोंडातून काढलं नाही. ती तिला नुसतं 'बाळ' म्हणायची.

एकदा देलिमा मला म्हणाली, "बाबा, मुकादम हाक मारतो ना, तेव्हा माझ्याआधी कुणीतरी वळतं. माझ्या मागेच असतं."

मी हसलो. म्हटलं, "मग तिलाच सांग सुताच्या चात्या सांभाळायला."

"ती लहान आहे, बाबा. तिचा हात पोचत नाही."

पुढे तिला कापसाच्या धुळीचा खोकला लागला. यंदा मार्चमध्ये अंथरुणाला खिळली. मरणाआधीचं शेवटचं पवित्र तेल लावायला नवे फादर आले. त्यांनी विचारलं, "हिचं नाव काय?" खोलीत शेजारपाजारचे होते, मुकादमाची बायको वाटाण्याचं सूप घेऊन आली होती. त्यांच्या भीतीने बोललो म्हटलं, तर ते आणखी एक खोटं होईल. मी सवयीने बोललो. 'रोझाना.'

फादरांनी त्या नावाने प्रार्थना सुरू केली. देलिमाने डोळे उघडले आणि दाराकडे पाहिलं, कोण आलंय ते बघायला. मग कुणाला जागा करून द्यावी तशी ती भिंतीकडे सरकली.

फिलोमेन माझ्याकडे बघत राहिली. मी चूक सुधारली नाही.

दफनाच्या वहीत रोझाना, क्रुसावर रोझाना. एका लेकीच्या दोन कबरी आणि दुसरीची एकही नाही. तुला कळवायचं तर दाखल्याचंही सांगावं लागलं असतं, म्हणून सात महिने गप्प बसलो. काल चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली. ते नाव आलं, तेव्हा माझ्या मागच्या बाकावर कुणीतरी वळलं. मी मागे पाहिलं नाही.

उद्या इथल्या फादरांना सगळं सांगणार आहे. गिरणीतून काढलं तर काढलं. तू गावच्या फादरांकडे जा. खोटं बोलून दाखला मागवणारा मी, हे त्यांना आधी सांग. बाप्तिस्म्याच्या वहीत देलिमाच्या नावाशेजारी ती गेल्याची तारीख, २१ मार्च, लिहून घे. मग तिच्या आत्म्याच्या शांतीसाठी चर्चमध्ये एक मिस्सा होऊ दे, नाव मोठ्याने घेऊन.

तू तिची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या वेळी ती तुझ्या हातांवर होती. फादरांनी नाव विचारलं, तेव्हा ते तूच सांगितलं होतंस. आता पुन्हा एकदा तूच सांग.

मोजे फिलोमेनने उशाशी ठेवलेत. परत मागू नकोस.

तुझा भाऊ, देलिमाचा बाप,
झेफिरँ