पावलाची उंची

४ ऑगस्ट २००९
प्लास्टर निघालं. मनगट बारीक, पांढरट, दुसऱ्या कुणाचं तरी. वर्षात दोनदा पडले. दोन्ही वेळा घरातच, सपाट फरशीवर. पुण्याहून मुलाचा, सुहासचा फोन: "आई, बस झालं आता एकटं राहणं. दसऱ्याला येतो, जाताना तुला घेऊनच." म्हणजे वर्ध्याचं घर बंद. मी बांधलेलं. म्हटलं, तोवर पाय सुधारले तर? "सत्तराव्या वर्षी?" फोन ठेवला.

७ ऑगस्ट
फिजिओथेरपी विभाग. डॉक्टर वैशाली. अकरावीला माझ्या मराठीच्या वर्गात होती. चाल बघून म्हणाली, "मॅडम, तोल वाईट नाही. पाय उचलत नाही तुम्ही. घासत चालता." आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या. माझी चाल कुणी तपासली नव्हती.
तिच्याकडे नवं यंत्र. चालता पट्टा, कमरेला दोर, डोक्यावर टोप. टोपात रस्ता दिसतो, रस्त्यात अडथळे. अडखळलं तरी दोर धरतो. रोज अर्धा तास. हो म्हटलं.

१२ ऑगस्ट
टोपातला रस्ता परदेशी. बर्फ, लाल घरं, माणूस नाही. चौदा अडथळे, नवांना पाय लागला. दर वेळी यंत्र टुणकन वाजतं.
माझ्यानंतर हिंगणीच्या सोनाबाई. वय विचारलं तर "लई". दोर बांधताना वै.ला: "बैल बांधून राह्यली का वो पोरी?" चित्रात समोरून मोटार आली, तर बाजूला सरकून उभ्याच राहिल्या. पट्टा चालू. दोराला लोंबकळत म्हणतात, "जाऊ दे ना त्याले आधी!" किती दिवसांनी मोठ्यानं हसले.

२० ऑगस्ट
पुन्हा नऊ. वै.नं आकडा लिहून घेतला. सोनाबाई तिला: "इथं कोनी राह्यतच नाई, तं आपन काऊन चालाचं?" समीक्षा अचूक.

२७ ऑगस्ट
वै.च्या संगणकवाल्या मित्रानं चित्र बदललं. आता घर. दारामागून दार, प्रत्येक दारात लाकडी उंबरठा.
चौदा उंबरठे. एकालाही पाय लागला नाही.
वै.नं पुन्हा लावलं. पुन्हा शून्य.
उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, हे आईनं चापट मारून शिकवलं होतं. मी असलं काही मानत नाही. पाय मानतो.
माझ्या घराला उंबरठे नाहीत. बांधताना मीच नको म्हटलं होतं.
सोनाबाई टोप काढून: "घर बेस हाये. पन इतल्या खोल्या झाडते कोन?"

९ सप्टेंबर
गेले काही दिवस वै. उंबरठे बुटके, पुसट करत आणते आहे. आज शेवटच्या फेरीत एकही नव्हता. नुसती फरशी. पाय तरी उचलला जात होता. तिनं पडद्यावर दाखवलं: माझं पाऊल, जमिनीच्या तीन बोटं वर. तीच आनंदानं ओरडली. मी वर्गातल्या आवाजात "ठीक" म्हटलं. रिक्षात बसल्यावर मूठ आवळली. दुखऱ्याच हाताची.

२९ सप्टेंबर
सुहास काल, दसऱ्याला आला. आज त्याला विभागात नेलं. हाताची घडी घालून सगळ्या फेऱ्या पाहिल्या. वै.नं त्यालाच टोप घातला. तिसऱ्या दारात अडखळून यंत्राच्या दांडीला मिठी. वै.: "दादा, मॅडमना नेताय की त्यांच्याकडे राहायला येताय?" लाल झाला. हसला.
संध्याकाळी: "टोप काढल्यावर काय, आई?"
"टोप काढूनच घरी आले ना?"

१ ऑक्टोबर
स्वतःचीच बॅग भरली त्यानं. दारात म्हणाला, "महिनाभर बघू. मग बोलू." नाही म्हणाला नाही. हो पण नाही.

११ ऑक्टोबर, रविवार
सोनाबाईंचा निरोप, त्यांच्या सुनेच्या फोनवरून: "येजो. एकटीच येजो."
एस.टी. स्टँड. हिंगणीची बस. पायरी गुडघ्याएवढी. कंडक्टर: "हात देऊ काय, मायबाई?" नको म्हटलं. उजवा पाय, डावा पाय. वर. मागून कुणीतरी, "चाला ना लवकर!" वीस वर्षांच्या पोरीवर खेकसावं तसा खेकसला. फार बरं वाटलं.
बसायला जागा नव्हती. गाडी सुटली, वळली. पर्समध्ये फोन वाजायला लागला. या वेळेला सुहासच. दोन्ही हात दांडीला होते.
वाजू दिला.