मागचे बाक गप्प बसा

यादगीर, ६ जून १९९३

चि. सिद्दण्णास, गुरम्मक्काचे शरणु व आशीर्वाद. वि. वि.

सख्खा मामा असून तू शिवलीलाला अर्थशास्त्रात नापास केलंस. मी मेली निकालाआधीच गल्लीभर शेंगदाण्याच्या पोळ्या वाटून बसले. आता भाकऱ्यांची बुट्टी घेऊन बाजारात जाताना मान वर होत नाही. समोरची शरणम्मा मुद्दाम विचारते की मामानं भाचीला आहेर काय केला. तुझे दाजी म्हणतात, कॉलेज बास, उद्यापासून भाकऱ्या थापू दे. तुमचे प्रिन्सिपॉल मार्क वाढवायला तयार आहेत म्हणे. मग तुझं काय जातं? भाकरी करपतेय गं, उलट आधी. माझे हात पिठाचे, म्हणून मी सांगतेय नि शिवलीलाच लिहितेय. चार मार्क टाक आणि मोकळा हो.

रागावले तरी माया आहेच, तूही ठेव.
तुझी अक्का

शोरापूर, ११ जून १९९३

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

तू भाकरी उलटायला सांगितलंस, तेही तिनं पत्रात उतरवलंय. वाचून हसलो, मग तिचा पेपर आठवला.

परीक्षेत मागणी-पुरवठ्याचा प्रश्न होता. अख्ख्या वर्गाची उत्तरं एकसारखी, आणि सगळ्यांत मधेच एक ओळ : मागचे बाक गप्प बसा. वर्गात उत्तर सांगून लिहून घेताना मी ओरडलो होतो. पोरांनी तेही उतरवून पाठ केलं. खेड्यांतून येतात, धड वाचता येत नाही, म्हणून मी समजावणंच सोडलं, नुसतं लिहायला सांगत गेलो. दरवर्षी पेपर वरवर चाळून पास केले. यंदा भाचीचा म्हणून नीट वाचला, मग सगळ्यांचेच वाचले आणि अख्खा वर्ग नापास केला. वर्गात तोंड दाखवायची लाज वाटते.

मार्क वाढवले तर माझी लाज झाकली जाईल, पोरं तशीच राहतील. ऑगस्टात फेरपरीक्षा आहे. २१ तारखेच्या सोमवारपासून पहिल्यापासून शिकवतो, पण प्रश्न सोपा करणार नाही. तिला पाठव.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझा सिद्दण्णा

यादगीर, १५ जून १९९३

चि. सिद्दण्णास, अनेक आशीर्वाद.

हे माझ्या हातानं लिहितेय. वेलांट्या चुकतील, हसू नकोस.

तुझं पत्र तिनंच वाचून दाखवलं. बाकाची ओळ आली नि थांबली. मी विचारलं, मागणी म्हणजे काय. पोपटासारखं सुरू केलं. तुझ्या तोंडानं सांग म्हटलं, तर रडायलाच लागली. जिचा मी बाजारभर तोरा मिरवला, ती ही! आणि मार्कांची भीक मी तिच्याच हातानं लिहून घेतली. तेव्हा पोरीला काय वाटलं असेल रे? मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मार्क देऊ नकोस. दाजींना मी बघते. सोमवारी पहिल्या बसनं ती येतेय. तूही धड शिकव, नाहीतर मीच मागच्या बाकावर येऊन बसेन, आणि मी गप्प बसणारी नव्हे.

भाचीवर नि या तोंडाळ अक्कावर जीव असू दे.
तुझी अक्का

ता. क. खालचं तिचं आहे. मी सांगितलेलं नाही.

मामा, संध्याकाळी भाकऱ्या उरल्या की आई भाव उतरवते. मागणी-पुरवठा म्हणजे हेच का?