सरकणारी ऊब

९ डिसेंबर, सोमवार

ताई,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. फाडू नकोस. आधी मागच्या खोलीची खिडकी सताड उघड, आप्पांना बाहेर ओट्यावर आण आणि तिथेच त्यांच्या शेजारी बसून हे वाच. का, ते पुढे सांगते. ज्याने पत्र दिलं तो आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर आहे. त्यालाही लगेच परत पाठवू नकोस.

तुम्ही दोघं बरी असाल असं आपण पत्रात सवयीने लिहितो. आज मी खरंच विचारतेय.

माझं ठीक चाललंय. नवीन खोलीला ऊन येतं, घरमालकीण खडूस आहे पण तुझ्याइतकी नाही. ऑफिसात बढती मिळाली. माझं काम मी तुला कधी धड सांगितलंच नाही. तू सगळ्यांना म्हणे सांगतेस, ‘आमची धाकटी आकाशातून जमिनीचा ताप बघते.’ तर ते अगदी बरोबर आहे. उजाडायच्या आधी, आदल्या दिवसाचं ऊन जमिनीतून उतरलेलं असतं, तेव्हा उपग्रह उष्णतेचे फोटो घेतो. त्या वेळीही जी जागा आजूबाजूपेक्षा गरम दिसते, तिच्या खाली काहीतरी असतं. गरम पाणी किंवा वाफ निघाली तर तिच्यावर वीज करता येते. अशा जागा हुडकायच्या आणि नकाशावर खुणा करायच्या, एवढंच माझं काम.

गेल्या महिन्यात मला अशी एक जागा सापडली. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, बढती त्यावरच मिळाली. ताई, ती जागा आपल्या गावात आहे. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. वाटलं, आता ताईच्या नाकावर टिच्चून सांगेन की बघ, गावाचं भलं मीच केलं.

मग तुझं पत्र आलं. दोन पानांचं, त्यातलं दीड पान माझी खरडपट्टी काढण्यात गेलेलं. शेवटी मात्र तू लिहिलंयस की यंदा मागची खोली शेगडीशिवायच उबदार राहते, बोका तिथल्या फरशीवरून हलत नाही, आणि आप्पांचं रोज सकाळी डोकं धरतं, ओट्यावर येऊन बसले की उतरतं. पुढे तूच निकाल देऊन टाकलायस, ‘म्हातारपण, दुसरं काय.’

ते मी पुन्हा वाचलं. मी मागच्या काही हिवाळ्यांचे फोटो काढून एकाखाली एक लावले. हे खरं तर आधीच करायला हवं होतं, पण कौतुकात कुणाला सुचलंच नाही. जमिनीच्या पोटातली ऊब वर्षानुवर्षं एकाच जागी असते, ताई. ही सरकतेय. आधी ती आप्पा राबायचे त्या कोळशाच्या खाणीच्या बुजवलेल्या तोंडापाशी होती, नंतर शाळेच्या मैदानाच्या कडेला आली. यंदा ती आपल्या गल्लीच्या मागे आहे. माझ्या फोटोतल्या एका ठिपक्यात आख्खी गल्ली मावते, त्यामुळे घर कुठलं ते मला दिसत नाही. पण ते मला तुझ्या बोक्याने सांगितलं.

खाली वाफ नाही. खाणीत उरलेला कोळसा पेटलाय आणि आतल्या आत जळत पुढे येतोय. जेवायला बसलं की आप्पा म्हणायचे ते आठवतं? ‘आत्ता मी जिथे जेवतोय ना, त्याच्याच खाली दिवसभर राबतो.’ आपण हसायचो. मला आता ते वाक्य डोक्यातून जात नाही. खालचा कोळसा जळून पोकळी झाली की वरची जमीन खचते. त्याच्याआधी फटींतून गॅस वर येतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणसाचं नुसतं डोकं धरतं, झोप येते, आणि मग जागच येत नाही.

साहेबांना दाखवलं. ते चिडले नाहीत, फक्त म्हणाले, जागेवर मोजमाप होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, भलती घबराट होईल. मोजमाप पुढच्या आठवड्यात. मी तुमच्या अग्निशमन दलाला फोन केला, तर ते म्हणतात ऑफिसचं पत्र आणा. तुलाही किती फोन केले. तू उचलत नाहीस.

आता अक्षर वाकडंतिकडं येईल, सांभाळून घे. रस्ता खराब आहे.

मी काय मागणार ते तुला कळलंय, आणि तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. आई गेल्यावर मी म्हटलं होतं की घर विकू, आप्पांना घेऊन शहरात चल. तेव्हा दार लावताना तू म्हणालीस, “या घराचा तुकडा पाडायला परत या उंबऱ्यावर येऊ नकोस.” आता मीच पुन्हा सांगतेय की घर सोडा. माझ्या जागी तू असतीस तर मलाही वाटलं असतं की ही नवीन युक्ती काढून आली. म्हणून लिहून सांगतेय. बोलायला लागले की तू मला मध्येच तोडतेस.

घर तुझं. मला त्यातली एक वीट नको, हे सही करून देते. कुलूप लाव, किल्ली तुझ्याच कमरेला ठेव. मोजमापात माझं चुकलेलं निघालं तर आख्ख्या गल्लीसमोर मला काय हवं ते बोल, माझी नोकरी गेली तर तेही बोल. मी चुकलेली असावी अशीच माझी इच्छा आहे. पण आज निघा. शेजारच्या शिंप्याला सांग, समोरच्या नर्सबाईंना सांग. माझं कुणी ऐकणार नाही, तुझं ऐकतील. तू ओरडलीस की गल्ली हलते.

बोका आपणहून उठायचा नाही, त्याला ऊब आवडलीय. उचलून घे, पण त्या खोलीत थांबू नकोस.

ड्रायव्हर एकटा आलेला नाही. जीप गल्लीच्या तोंडाशी उभी आहे आणि मी मागच्या सीटवर बसलेय. तू उंबऱ्यावर येऊ नको म्हणालीस म्हणून हे पत्र पुढे पाठवलं. वाचून होईस्तोवर तुझा शब्द पाळते. त्यानंतर नाही.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी धाकटी