चित्र नाही, नुसता आवाज आहे

२ जून, गुरुवार
मुलीच्या खोलीत टीव्ही बसवला. चोवीस इंची. गिऱ्हाईक दुकानात दुरुस्तीला टाकून गेलं ते दोन वर्षं फिरकलंच नाही. तिच्या पलंगासमोरच्या कपाटावर ठेवला. झकास दिसतो.

तिच्या आईचं म्हणणं, मुलांच्या झोपायच्या खोलीत टीव्ही नको. फोनवर भलामोठा लेख पाठवलाय. वाचला नाही. बावीस वर्षं टीव्ही उघडून आत काय असतं ते बघणाऱ्याला लेख कशाला?

मुलगी अकराची. आम्ही वेगळे झालो तेव्हापासून शनिवार-रविवार माझ्याकडे असते. हल्ली रविवारी संध्याकाळऐवजी सकाळीच निघते. गेल्या खेपेला दहालाच बॅग भरून तयार. कंटाळा येतो म्हणाली. आता कसा येतो बघतोच.

नियम: दिवसाला फक्त एक तास. नियम म्हणजे नियम.

४ जून, शनिवार
टीव्ही बघून उडीच मारली. बाबा, माझा एकटीचा? म्हणाली. मग आत गेली आणि दार लावून घेतलं. खोली गार राहावी म्हणून असेल.

तासाचा नियम उद्यापासून. पहिल्याच दिवशी कशाला मोडता घालायचा.

बाहेर बसून तिचं हसणं ऐकलं. छान हसते.

५ जून, रविवार
संध्याकाळी सातपर्यंत राहिली! तिच्या आईला मुद्दाम फोन करून सांगितलं. ती म्हणाली, तुझ्याकडे राहिली की टीव्हीकडे? या बाईचं हेच. कुणाचं बरं झालेलं बघवत नाही.

११ जून, शनिवार
दिवसभरात लेक माझ्याशी बोलली ते एवढं: हो. नको. ताट आत नेऊ? संपलं.

नियम सांगायला दोनदा दारापर्यंत गेलो. आतून हसण्याचा आवाज आला, परत फिरलो. मी मऊ नाही. वेळ बघून बोलतो, एवढंच.

१२ जून, रविवार, सकाळी
कल्पना सुचली. ती आंघोळीला गेल्यावर टीव्हीचं मागचं झाकण उघडलं आणि पडद्याकडे जाणारी वायरची चपटी पट्टी किंचित सैल केली. याला बिघडवणं म्हणत नाहीत. लेकरांच्या भल्यासाठी आईबापाला काय काय करावं लागतं.

संध्याकाळी
आंघोळ करून आल्यावर तिने टीव्ही लावला आणि लगेच हाक आली, बाबा, चित्र नाही, नुसता आवाज आहे! दुकानात पावतीवर मी अगदी हेच शब्द लिहितो. शेवटी बापाचं रक्त.

टीव्ही पलंगावर पालथा घातला. तिच्या हातात टॉर्च दिला. सगळं शिकवलं. आधी प्लग काढायचा. लांब स्क्रू वरच्या भोकांत, आखूड खालच्या. पट्टीची खिट्टी नखाने उचलायची, पट्टी कधी ओढायची नाही. दोन मिनिटांचं काम दोन तास पुरवलं.

त्या दोन तासांत कळलं ते असं. तिची मैत्रीण दुसऱ्या बाकावर बसायला गेली आहे, मधल्या सुट्टीत ही एकटीच असते. गणिताचे सर घोरल्यासारखं बोलतात. आणि तिला अंधाराची अजून भीती वाटते, पण हे आईला सांगायचं नाही.

चित्र आलं तेव्हा दोघांनी टाळ्या वाजवल्या.

१८ जून, शनिवार
पुन्हा चित्र गेलं. कुणी घालवलं ते लिहायची गरज नाही.

स्क्रू ड्रायव्हरचा डबा तिने आपणहून आणला. आज खिट्टी तिने उचलली. हात माझ्यासारखाच, हलका. म्हणाली, मोठी झाल्यावर तुझ्या दुकानात बसू का? म्हटलं, आधी सहावी तर पास हो. डोळ्यात काहीतरी गेलं माझ्या. जुन्या टीव्हीत फार धूळ असते.

२३ जून, गुरुवार
हिशेब सरळ आहे. पोरगी आता रविवारी संध्याकाळपर्यंत थांबते. बोलते. म्हणजे टीव्हीने काम केलं. चोवीस इंचांत एवढी माया, तर त्रेचाळीस इंचांत किती!

नवा कोरा घेतला. शिवाय आता ती उघडझाक नको. दर आठवड्याला टॉर्च धरून धरून हात दुखत असतील बिचारीचे. माझी लबाडीही संपली. एका दगडात दोन पक्षी.

२५ जून, शनिवार
गंमतच झाली. मी बोटही लावलं नव्हतं आणि दुपारी तिची हाक, बाबा, चित्र नाही, नुसता आवाज आहे. जाऊन बघतो तर टीव्ही पलंगावर पालथा, प्लग काढलेला, डबा शेजारी, टॉर्च हातात. शहाणी पोरगी!

म्हटलं, मरू दे ते डबडं, हे बघ काय आणलंय! खोका उघडला. अर्धी भिंत भरली.

ती म्हणाली, मग हा उघडायचा नाही? म्हटलं, कशाला? आणि नवा तर बिघडणारच नाही, बघ तू. गॅरंटी आहे.

तिने टॉर्च बंद केला, ड्रॉवरमध्ये ठेवला. छान आहे, म्हणाली. आनंदाने बोलायलाच सुचेना तिला.

२६ जून, रविवार
सकाळी दहाला गेली. अभ्यास असेल.

२ जुलै, शनिवार
आली नाही. तिची आई म्हणाली, सर्दी आहे.

९ जुलै, शनिवार
आली नाही. सोमवारी चाचणी आहे म्हणे. तिच्या पलंगावर बसून मीच बघितला टीव्ही. चित्र एकदम स्वच्छ. काय चाललं होतं ते विचाराल तर सांगता येणार नाही.

११ जुलै, सोमवार, दुकानात
जुनं डबडं दुकानात आणलं, सुटे भाग काढून घ्यावेत म्हणून. झाकणाचा एक लांब स्क्रू खालच्या भोकात कोंबलेला. हा माझा हात नव्हे. उघडलं. पट्टी पूर्ण बाहेर. तुटलेली नाही, ओढलेली नाही. खिट्टी नखाने अलगद उचललेली, मी शिकवली तशी.

तिनेच काढली होती. माझ्याशेजारी बसायला मिळावं म्हणून.

आणि मी तिला खोका दाखवला. गॅरंटी दाखवली.

समोर एक गिऱ्हाईक उभं होतं. साहेब, बरं वाटत नाही का, म्हणून विचारत होतं. त्याला उद्या या म्हटलं आणि शटर ओढून घेतलं. धुळीचं कारण आज लिहीत नाही.

१६ जुलै, शनिवार
नवा टीव्ही खाली उतरवला, पलंगावर पालथा घातला. प्लग काढला. झाकण उघडून पट्टी सैल केली. गॅरंटी गेली. जाऊ दे. टॉर्च आणि डबा शेजारी ठेवला.

मग तिच्या आईच्या फोनवर फोन केला. मुलीला द्यायला सांगितला. म्हटलं, चित्र नाही गं, नुसता आवाज आहे. येतेस का?

तिच्या मागे मुलींचा दंगा चालला होता. कुणीतरी तिला चल लवकर म्हणत होतं. मैत्रीण बाकावर परत आलेली दिसते. चांगलं झालं.

मग म्हणाली, बाबा, तुला येतो की दुरुस्त करता.

येतो. दोन मिनिटांचं काम आहे.